मूठ सांगितली, म्यान का वगळलं?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

तयार पात्याला घरी लाकडी मूठ कशी बसवावी, याची कृती आपल्या पुरवणीत वाचली. हातांनी काही घडवायला सांगणारा मजकूर वर्तमानपत्रात आला याचा मनापासून आनंद झाला. पण मुठीच्या पॉलिशला त्या लेखात तीन परिच्छेद मिळाले आणि म्यानाची बोळवण एका वाक्यात झाली: मापाचं म्यान विकत मिळतं. त्या एका वाक्यासाठी हे पत्र लिहिते आहे. रानात वापरायच्या चाकूची मूठ बिघडली तर फार तर तळहाताला फोड येतात. म्यान बिघडलं तर पातं मांडीत जाऊ शकतं. शिवाय मूठ स्वतःच्या हाताला बेतून घडवली, की तसा दुसरा चाकू कुठेच नसतो. मग त्याच्या मापाचं म्यान विकत मिळणार तरी कुठून?

मी वनस्पतींचे नमुने गोळा करते आणि विद्यार्थ्यांना ते काम शिकवते. डहाळी कापणं, साल सोडवणं, कंदाभोवतीची मुळं मोकळी करणं, दोरी तोडणं, काठीला टोक काढणं, अशा कामांत चाकू सारखा बाहेर येतो आणि परत म्यानात जातो. त्यातून मी डावखुरी, आणि माझा पंजा लहान. विकतच्या मुठी मला जाड होतात. विकतची बहुतेक म्यानं उजव्या हाताची असतात. ती डाव्या कमरेला लावली की धारेची दिशा फिरते आणि उपसलेला चाकू हातात उलटा येतो. म्हणून मूठ आणि म्यान दोन्ही करायला शिकले. आता माझे विद्यार्थीही करतात.

मूठ आणि म्यान एकत्रच आखावीत, हे माझं ठाम मत आहे. म्यान चाकूला कुठे धरणार, हे मुठीच्या आकारावर ठरतं. मुठीला मध्यावर किंचित फुगवटा ठेवला, तर म्यानाचं चामडं त्या फुगवट्याच्या मागे आत वळतं आणि चाकू आपोआप धरून ठेवतं. मूठ दांडक्यासारखी सरळ असेल तर चामड्याला धरायला काहीच मिळत नाही. मग बटणाचा बंद लावावा लागतो, आणि चाकू आत-बाहेर करताना तो बंदच धारेत सापडतो. आधी मूठ पूर्ण करून मग म्यानाचा विचार करणाऱ्याच्या हातात हा निर्णय उरत नाही.

आता मुठीविषयी. लेखात लांबी-रुंदीची ठरावीक मापं दिली होती. माझ्या मते माप हातावरूनच घ्यावं. चार बोटं एकमेकांना चिकटवून तळहाताची रुंदी मोजावी आणि दोन्ही टोकांना एकेक सेंटीमीटर वाढवावं. बहुतेकांची मूठ दहा ते बारा सेंटीमीटरमध्ये बसते. जाडीसाठी एखाद्या मऊ लाकडाचा नमुना करून पाहावा. तो मुठीत धरल्यावर बोटांची टोकं तळव्याला जेमतेम टेकली पाहिजेत. टोकं तळव्यात रुतली तर नमुना बारीक आहे, लांब राहिली तर जाड. छेद गोल ठेवू नये, अंड्यासारखा ठेवावा आणि त्याची निमुळती बाजू धारेकडे असावी. म्हणजे अंधारात किंवा हातमोजे घातलेले असतानाही धार कुठे आहे हे न बघता हाताला कळतं. मुठीच्या पुढच्या टोकाला खाली लहानसा उतार द्यावा, म्हणजे ओल्या हाताची तर्जनी पात्यावर घसरत नाही. नक्षी, बोटांसाठीच्या खाचा यांची गरज नाही. खाचा एकाच पकडीला सोयीच्या असतात आणि रानातल्या कामात पकड सारखी बदलते.

काम सुरू करण्याआधी धारेवर जाड पुठ्ठा ठेवून त्यावर चिकटपट्टी गुंडाळावी आणि अगदी शेवटी म्यानाचं माप घ्यायची वेळ येईपर्यंत ती काढू नये. ही सूचना लेखात पहिल्या ओळीत यायला हवी होती. दुसरी सूचना उष्णतेची. पात्याच्या पोलादाला पाणी दिल्यावर, म्हणजे तापवून एकदम थंड करून कडक केल्यावर, ते साधारण १८० ते २२० अंश सेल्सियसला पुन्हा तापवून चिवट केलेलं असतं. यंत्राच्या पट्ट्यावर घासताना पोलाद त्यापुढे तापलं तर ते मऊ पडतं आणि पुढे धार टिकत नाही. पोलादावर निळा रंग उमटला म्हणजे तापमान तीनशेच्या आसपास गेलेलं असतं. म्हणून मुठीत जाणारा भाग घासताना पातं उघड्या बोटांनी धरावं आणि चटका जाणवायच्या आत पाण्यात बुडवावं.

लाकडावर मी थोडी जास्त बोलणार आहे, कारण तो माझा विषय आहे. लाकूड लांबीच्या दिशेने जवळजवळ हलत नाही. ते हलतं आडव्या दिशेने, आणि त्यातही वाढवलयांना समांतर अशा दिशेने वलयांना काटकोनात जितकं हलतं त्याच्या साधारण दुप्पट. ओलं लाकूड बसवलं तर ते आक्रसतं आणि पोलादाची कड मुठीतून वर येऊन हाताला बोचू लागते. म्हणून लाकूड पुरतं वाळलेलं हवं, आणि पोलादाच्या दोन्ही बाजूंना बसणाऱ्या लाकडी पट्ट्या एकाच तुकड्यातून शेजारी-शेजारी कापलेल्या हव्यात, म्हणजे दोन्ही सारख्याच हलतील. अक्रोड, मॅपल, ऑलिव्ह, बाभूळ ही लाकडं चांगली. शिसव सुंदर असते, पण जपून. डाल्बर्जिया या तिच्या पूर्ण प्रजातीचा आंतरराष्ट्रीय व्यापार जानेवारी २०१७ पासून, धोक्यातल्या वन्य जीवजातींच्या व्यापारावरच्या साइट्स कराराच्या परिशिष्ट २ मध्ये नियंत्रित आहे, आणि ब्राझीलची शिसव, डाल्बर्जिया निग्रा, १९९२ पासून परिशिष्ट १ मध्ये आहे. जुन्या मोडक्या फर्निचरचा तुकडा मिळाला तर तो वापरावा. नवं लाकूड घेताना ते कुठून आलं हे विचारावं. कण्हेरीसारख्या विषारी झाडाचं लाकूड मुठीला अजिबात घेऊ नये.

आणि धूळ. लाकडाच्या धुळीला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवलं आहे. शिसवीच्या वर्गातल्या लाकडांच्या धुळीने कातडीला आणि श्वसनमार्गाला ॲलर्जीही होते. लाकडाऐवजी मुठीला कृत्रिम पदार्थही वापरतात: मायकार्टा म्हणजे राळेत दाबून बसवलेलं कापड किंवा कागद, आणि जी-१० म्हणजे राळेतली काचतंतूंची जाळी. पाण्यापावसात हे दोन्ही पदार्थ लाकडापेक्षा सरस ठरतात, पण त्यांची धूळ आणखी वाईट. एन-९५ दर्जाचा मास्क लावावा, घासकाम दाराबाहेर करावं आणि कृत्रिम पदार्थ शक्यतो ओला करून घासावा. तोंडाला रुमाल बांधून हे भागत नाही. लेखाच्या चित्रातल्या गृहस्थांनी तोंडाला काहीच लावलेलं नव्हतं, ते पाहून वाईट वाटलं.

पोलाद मुठीच्या शेवटापर्यंत रुंद जात असेल तर दोन्ही बाजूंना पट्ट्या बसतात. ते निमुळतं होऊन मुठीच्या पोटात शिरत असेल तर अखंड ठोकळ्याला भोक पाडावं लागतं. पहिल्यांदा करणाऱ्याने पट्ट्यांचा प्रकार निवडावा, कारण त्यात सगळं डोळ्यांसमोर राहतं. आधी एक पट्टी शिकंज्यात पक्की धरून पोलादातल्या भोकांतूनच लाकडाला भोकं पाडावीत, मग तशीच दुसरीला. पट्ट्यांच्या पात्याकडच्या कडा चिकटवण्याआधीच पूर्ण घासून पॉलिश करून घ्याव्यात, कारण नंतर तिथे घासायला गेलं की पात्यावर ओरखडे उठतात. पोलाद आणि लाकडाची आतली बाजू खरखरीत करावी, ॲसिटोनने पुसावी आणि मग तिथे बोट लावू नये. इपॉक्सी (जोडकामाचा चिकट पदार्थ) पाच मिनिटांत जमणारं न घेता चोवीस तासांत जमणारं घ्यावं. शिकंजा फार आवळला तर सगळं इपॉक्सी बाहेर येतं आणि सांधा कोरडा राहतो, तेव्हा बेताने आवळावं. भोकांतून आरपार घालायच्या पिना पितळेच्या किंवा स्टेनलेसच्या, पाच-सहा मिलिमीटरच्या. इपॉक्सी सुटलं तरी पट्ट्या जागेवर ठेवायचं काम पिना करतात, म्हणून त्या गाळू नयेत.

आकार कानशीने काढावा. मग पॉलिश पेपर ८० नंबरपासून चढत्या क्रमाने. इथे माझा लेखाशी मतभेद आहे. आरशासारखी गुळगुळीत मूठ कपाटात शोभते, पण चिखलात निसटते. २४० नंबरवर थांबावं, मूठ ओल्या फडक्याने पुसून वाळवावी, उठलेले तंतू पुन्हा त्याच पेपराने घासावेत आणि मग जवसाच्या तेलाचे पातळ हात द्यावेत. तेलाचं फडकं चुरगळून टोपलीत टाकू नये. जवसाचं तेल हवेत वाळताना उष्णता सोडतं. चुरगळलेल्या फडक्यात ती उष्णता कोंडते आणि फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. ते दाराबाहेर पसरून पूर्ण वाळवावं किंवा पाण्यात बुडवून ठेवावं. तेलाची शिफारस लेखात होती, फडक्याचा उल्लेख नव्हता.

१९९१ मध्ये आल्प्सच्या बर्फात सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीचा एक माणूस सापडला, ओट्झी. त्याच्याजवळ गारगोटीच्या पात्याचा छोटा चाकू होता. त्याची मूठ ॲश, म्हणजे फ्रॅक्सिनस, या झाडाच्या लाकडाची. लांब तंतूंचं हे लाकूड धक्का सोसतं, म्हणून अवजारांच्या दांड्यांना ते आजही वापरतात. आणि त्या चाकूला म्यान होतं, लिंडनच्या अंतर्सालीच्या तंतूंचं विणलेलं, कमरेला अडकवायला बाजूला चामड्याची सोय केलेलं. वनस्पतिशास्त्राची माणूस म्हणून मला ही दोन झाडांची निवड फार महत्त्वाची वाटते. धरायला एक झाड, झाकायला दुसरं, आणि दोन्ही निवडी विचारपूर्वक केलेल्या.

म्यानासाठी चामडं निवडताना ते कसं कमावलेलं आहे हे पाहावं. बाजारातलं बहुतेक चामडं क्रोमच्या क्षारांनी कमावलेलं असतं. ते मऊ असतं, भिजवून दिलेला आकार धरत नाही आणि त्यातले क्षार पोलादाला गंज आणू शकतात. झाडांच्या सालीतल्या टॅनिनने कमावलेलं, साधारण तीन मिलिमीटर जाडीचं, ताठ चामडं घ्यावं.

साचा आधी जाड कागदाचा करावा. कागदाच्या घडीत पात्याची पाठ टेकवायची, कागद चाकूभोवती गुंडाळायचा, धारेच्या बाजूला चिमटीत धरायचा आणि चिमटीची रेघ पेन्सिलने ओढायची. मुठीचा फुगवटा किती कागद खातो हे अशाने हिशेबाशिवाय कळतं. त्या रेघेबाहेर धार आणि शिवण यांच्या मधल्या पट्टीसाठी सेंटीमीटरभर आणि चामड्याच्या जाडीसाठी थोडं, एवढं वाढवून कापायचं. म्यानाचं तोंड मुठीच्या निम्म्यापर्यंत तरी यावं. मी दोन तृतीयांशापर्यंत नेते. वर बोटांना धरण्यापुरता भाग उरला की पुरे. डावखुऱ्यांनी साचा चामड्यावर आखताना तो पालथा करावा आणि कमरपट्ट्याचा फासा त्या मानाने बसवावा. एवढ्या साध्या गोष्टीने माझं काम झालं. फिनलंडकडच्या पद्धतीत शिवण मागे मध्यभागी असते आणि आत पात्यासाठी लाकडी खोबण बसवतात. ती म्यानं फार सुरेख असतात, पण शिवायला अवघड.

मधली पट्टी हा म्यानाचा प्राण. दोन चामड्यांच्या कडा थेट एकमेकींना शिवल्या तर धार दर वेळी दोऱ्यावर घासते. एक दिवस टाके तुटतात आणि पातं बाजूने बाहेर डोकावतं. म्हणून दोन कडांच्या मध्ये त्याच चामड्याची सेंटीमीटरभर रुंद पट्टी धारेच्या पूर्ण लांबीभर आणि टोकाच्या वळणावरही बसवायची. धार त्या पट्टीवर टेकते, दोरा तिच्या पलीकडे सुरक्षित राहतो. विकतच्या स्वस्त म्यानांत बहुधा हीच पट्टी नसते किंवा टोकाशी अपुरी असते. घेण्याआधी तोंडातून उजेड पाडून पाहावं.

तिन्ही थर चामडं चिकटवायच्या द्रवाने आधी चिकटवून घ्यावेत. बाहेरच्या कडेपासून चार मिलिमीटरवर रेघ ओढावी, तिच्यावर चार-चार मिलिमीटरवर खुणा कराव्यात आणि आरीने भोकं पाडावीत. आरी सरळ ठेवण्याकडे पूर्ण लक्ष द्यावं, नाहीतर मागची ओळ वेडीवाकडी येते. मेण लावलेला दोरा शिवणीच्या चार-पाच पट लांब घ्यावा आणि त्याच्या दोन्ही टोकांना सुया ओवाव्यात. प्रत्येक भोकातून एक सुई इकडून, दुसरी तिकडून जाते. यंत्राच्या शिवणीत एक टाका तुटला की शेजारचे सैल होत जातात. या दुसुती शिवणीत एक तुटला तरी दुसरा दोरा धरून ठेवतो. शेवटी दोन-तीन टाके उलटे घ्यावेत. विद्यार्थ्यांना हे काम कंटाळवाणं वाटेल असं मला वाटत असे. प्रत्यक्षात ते यातच सगळ्यांत जास्त रमतात. टाक्यामागून टाका नीट बसत गेला की खोलीत बोलणं थांबतं.

मग चाकू प्लास्टिकच्या पातळ कागदात घट्ट गुंडाळावा. म्यान कोमट पाण्यात बुडबुडे थांबेपर्यंत बुडवावं, चाकू आत सारावा आणि बोटांनी, चमच्याच्या दांड्याने दाबत चामडं मुठीवर बसवावं. फुगवट्याच्या मागची जागा नीट दाबावी. सगळी पकड तिथेच आहे. पाणी गरम नको. चामडं उकळत्या पाण्याच्या कितीतरी अलीकडेच आक्रसतं आणि ठिसूळ होतं. उन्हात किंवा हीटरजवळही ठेवू नये. सावलीत एक-दोन दिवस लागतात, लागू द्यावेत. आकार धरला की चाकू काढून घ्यावा, नाहीतर तो ओलाव्यात गंजतो. वाळल्यावर मेणाचा हात. तेल जास्त मुरवलं तर चामडं मऊ पडतं आणि पकड जाते.

तयार म्यान गादीवर उलटं धरून जोरात हलवावं. चाकू पडता कामा नये, आणि एका हाताने ओढल्यावर न अडकता आला पाहिजे. ही चाचणी पार न केलेलं म्यान मी विद्यार्थ्यांना रानात नेऊ देत नाही. उपसताना दुसऱ्या हाताने म्यान धरायचं ते पाठीच्या बाजूने, शिवणीच्या बाजूने बोटं कधीच नाहीत. म्यान कमरेच्या बाजूला किंवा किंचित मागे असावं, पुढे जांघेवर नको. तिथून मांडीची मोठी धमनी जाते, आणि माणूस पडतो तेव्हा पातं कुठे वळेल याचा नेम नसतो. घरी आल्यावर चाकू म्यानातून काढून, पुसून वेगळा ठेवावा. चामडं ओलावा धरतं आणि त्यातलं टॅनिन पोलादावर काळे डाग पाडतं.

कायडेक्ससारख्या प्लास्टिकचं म्यानही घरी करता येतं. तापवून दाबलं की झालं, आणि पाण्याचा प्रश्नच नाही. खाऱ्या पाण्याजवळ काम करणाऱ्यांनी ते जरूर करावं. मात्र प्रमाणाबाहेर तापवलं तर त्यातून घातक वाफा निघतात, म्हणून खोली हवेशीर हवी.

आपल्याला विनंती अशी, की पुढच्या अंकात म्यानाची कृतीही मुठीइतक्याच जागेत छापावी आणि साचा कसा काढायचा याचं चित्र द्यावं, उजव्या आणि डाव्या दोन्ही हातांसाठी. मधल्या पट्टीचा छेद वेगळा मोठा करून दाखवावा, शब्दांत तो लवकर कळत नाही. सोबत तेलाच्या फडक्याची आणि मास्कची सूचना चौकटीत यावी. मूठ बसवून झालेल्या वाचकांचे चाकू आत्ता कुठेतरी वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेले असतील, म्हणून हे लवकर व्हावं. विद्यार्थ्यांसाठी काढलेले कागदी साचे माझ्याकडे आहेत. आपण कळवलंत तर मापांसह पाठवते.

आपली,
एक डावखुरी वाचक